अलीची सही खरी का खोटी, ते आधी कागदाला विचारा

समजा कोणी तुमच्यापुढे १९८५ सालचा एक सातबारा ठेवला आणि त्यावर जिल्हा नंदुरबार असं लिहिलेलं आहे. तुम्ही खान्देशातले असाल तर तलाठ्याची सही, शिक्का वगैरे बघायच्या भानगडीत पडणारच नाही, कागद सरळ बाजूला सारणार, कारण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी तो सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. सही किती का हुबेहूब असेना, कागद खोटा तर सगळंच खोटं. जुन्या बॉक्सरच्या सह्या ओळखायचं बरंचसं काम असंच चालतं, आणि हे लोकांना कोणी सांगत नाही म्हणून एवढं लिहायला बसलोय.

गेल्या दोन-तीन वर्षांत धुळ्या-जळगावकडची चार-पाच पोरं माझ्याकडे येऊन गेली, प्रत्येकाचा प्रश्न एकच, भाऊ, मोहम्मद अलीनं सही केलेला ग्लोव्ह पंधरा हजारात भेटून राहिलाय, सर्टिफिकेटबी आहे, घेऊ का. पोरं चांगली आहेत, बॉक्सिंगवर खरं प्रेम आहे, पहिल्या पगारातून काहीतरी घ्यायचंय. त्यांना नुसतं नाही म्हणून पाठवायला जीव होत नाही, म्हणून पाणी देऊन बसवतो आणि हे सगळं सांगतो.

मी स्वतः बावीस हजारांना शिकलोय. माझे वडील रेल्वेत होते, लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं, शेजारी एक अँग्लो-इंडियन काका राहायचे, त्यांच्याकडे घोड्याचे केस भरलेले जुने चामड्याचे ग्लोव्ह होते, दाबले की आतून कुरकुर आवाज यायचा. बॉक्सिंगचा नाद तिथूनच लागला. मग २०१६ च्या जूनमधे अली गेला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन जिकडे बघावं तिकडे त्याच्या सह्यांचा पाऊस सुरू झाला. मी एक फोटो घेतला, १९६५ ची अमेरिकेतल्या लुइस्टन गावातली फाइट, खाली त्याचा प्रतिस्पर्धी सनी लिस्टन पडलेला, वर अली हात आवळून ओरडतोय, आणि कोपऱ्यात निळ्या-काळ्या शाईत मोठी सही. सोबत सोनेरी स्टिकरचं सर्टिफिकेट. फ्रेम करून हॉलमधे लावला, चार महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

दिवाळीत मामा आले. मामा मूळचे पारोळ्याचे, जळगावच्या सराफ बाजारात चाळीस वर्षं कारागिरी केलेले, त्यांच्या शर्टच्या खिशात लूप कायम, दागिना बघायचं ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग. त्यांना बॉक्सिंगशी काही देणंघेणं नाही. त्यांनी फ्रेम खाली काढायला लावली, काच बाजूला केली, लूप डोळ्याला लावून सहीवर वाकले, मिनिटभर काही बोललेच नाहीत, मग म्हणे, "भाऊ, हाई सही नही शे, हाई छापेल शे." मी लूप घेतला. अलीची चड्डी, रिंगचे दोर, मागची गर्दी, सगळं बारीक बारीक ठिपक्यांचं दिसत होतं, छापलेला फोटो भिंगाखाली तसाच दिसतो, आणि सहीची रेघसुद्धा त्याच ठिपक्यांची. पेनची शाई अशी ठिपक्यांत तुटत नाही, ती कागदावर सलग बसते, जिथं रेघ रेघेला ओलांडते तिथं गडद होते, आणि टॉर्च आडवा धरून बघितलं तर शाईची वेगळी चमक दिसते, बॉलपेन असेल तर कागद दबलेला दिसतो. इथं काहीच नव्हतं. कधीतरी एका फोटोवर सही झाली असेल, मग तो सहीसकट स्कॅन करून त्याचे गठ्ठे छापले. विकणाऱ्याला मेसेज टाकला तर परत करायची मुदत संपली म्हणे. एवढंच उत्तर आलं, नंतर तेही नाही.

तर पहिली गोष्ट लूप घ्या. दहा पटीचा साधा लूप काही शे रुपयात मिळतो, आणि छापील सह्या म्हणजे सगळ्यात स्वस्तातली फसवणूक तो एका मिनिटात पकडून देतो.

पण छापील सही हा एकच प्रकार नाही. दुसरा रबरी शिक्का, त्यात शाई कडेला दाटते आणि रेघेच्या मधोमध फिकी पडते. तिसरा ऑटोपेन, म्हणजे मशीनच्या हातात खरं पेन देतात आणि ते साच्यावरून सही गिरवतं, शाई खरी, कागद दबलेला, लूपखाली सगळं बरोबर वाटतं, पण रेघेचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो, आणि तीच सही दुसऱ्या फोटोवरच्या सहीवर ठेवली तर तंतोतंत बसते. माणसाची सही अशी कधीच बसत नाही, तुमच्याच चेकवरच्या दोन सह्या एकमेकींवर धरून उजेडात बघा, कुठेतरी हलणारच. चौथा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटतो, घरच्यांनी किंवा सेक्रेटरीनं केलेली सही. यात फसवायचा हेतूसुद्धा नसतो, चाहत्यांच्या पत्रांचे ढीग यायचे, कोणीतरी बसून सह्या करून पाठवायचं. ती सही त्या काळातलीच असते, पेनही बरोबर, पाकीटही बरोबर, फक्त हात दुसऱ्याचा. सनी लिस्टनचं उदाहरण यात सगळे देतात. त्याची शाळा झालीच नाही, लिहिता-वाचता जवळपास येत नव्हतं, सही करायला मोठेपणी शिकला, आणि त्याच्या नावानं फिरणाऱ्या बऱ्याच सह्या बायकोच्या हातच्या आहेत. त्यात तो १९७० च्या शेवटी वारला सुद्धा, त्यामुळे खरी लिस्टनची सही म्हणजे फार कमी. कोणी सुंदर वळणदार अक्षरात लिस्टनची सही दाखवली की समजून घ्या.

आणि पाचवा प्रकार म्हणजे हातानं बसून केलेली नक्कल. नक्कल करणारा आकार बघून काढतो, त्यामुळे त्याचा हात हळू चालतो, आणि हळू चाललेली रेघ लपत नाही. ज्याची सही आहे तो माणूस हजारो वेळा करून करून न बघता झपकन करतो, पेन कागदाला टेकायच्या आधीच हलत असतं आणि उचलतानाही हलत असतं, म्हणून रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. नक्कलेत टोकं बोथट, मधे कुठेतरी थबकल्याचा शाईचा ठिपका, नको तिथं पेन उचललेलं, आणि गोलाई असायला पाहिजे तिथं बारीक कोपरे. बघायची एक युक्ती सांगतो, सही उलटी धरा, खालची बाजू वर. सरळ धरली की आपण नाव वाचतो आणि मेंदू म्हणतो हो, अलीच. उलटी धरली की नाव जातं आणि नुसती रेघ उरते, मग तिची चाल दिसते.

आता सातबाऱ्याकडे परत येऊ. अक्षर ओळखायला वर्षं लागतात, शेकडो खऱ्या सह्या बघाव्या लागतात, पण तारखा जुळवायला पहिल्या दिवसापासून जमतं. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक पेनाला, प्रत्येक कागदाला जन्मतारीख असते, आणि प्रत्येक बॉक्सरला मरणाची तारीख. ह्या दोन्ही शेजारी ठेवायच्या, बस.

अमेरिकेच्या दुकानात बॉलपेन आलं ऑक्टोबर १९४५ मधे. जॅक जॉन्सन, जगातला पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन, जून १९४६ मधे मोटार अपघातात गेला. म्हणजे बॉलपेननं केलेली जॉन्सनची सही असायला सगळे मिळून सात-साडेसात महिने सापडतात, तेही त्या काळात ते पेन चांगलंच महाग होतं. अशक्य म्हणत नाही, पण मी तरी पैसे काढणार नाही. शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ ला. रॉकी मार्सियानो, ४९ फाइट खेळला आणि ४९ च्या ४९ जिंकला तो, विमान कोसळून ३१ ऑगस्ट १९६९ ला गेला, त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. त्याची सही चंदेरी पेंट मार्करनं केलेल्या चकचकीत ग्लोव्हवर दिसली की पुढचं काही बघायची गरज नाही, ते चंदेरी-सोनेरी पेंट मार्कर सह्यांच्या बाजारात त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. एवढं साधं आहे, तरी लोक फसतात, कारण सगळं लक्ष अक्षराकडे असतं.

फोटोचं पण असंच. जुना प्रेस फोटो घेताना पालथा करून मागचा शिक्का वाचा. मागं यूपीआय असा शिक्का आहे आणि विकणारा म्हणतोय फोटो १९५२ ला छापलेला आहे, तर काहीतरी गडबड आहे, कारण यूपीआय ही बातमी संस्था १९५८ ला दोन संस्था एकत्र होऊन झाली. फोटो जुन्या फाइटचा असेल पण प्रिंट नंतरची, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण फाइट झाली त्याच सुमारास मूळ निगेटिव्हवरून काढलेली प्रिंट वेगळी आणि वीस वर्षांनी काढलेली कॉपी वेगळी. पोस्टरवर किंवा कार्यक्रमपत्रिकेवर अमेरिकेचा पत्ता असेल तर झिप कोड आहे का बघा, तो १९६३ ला सुरू झाला, आपल्याकडे पिनकोड १९७२ ला आला तसा. दुकानात वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला १९७४ ला. आणि कागदासाठी नोटा तपासायचा तो जांभळा लाइट, कुठल्याही कापड दुकानाच्या गल्ल्यावर असतो, तो अंधारात कागदावर धरा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदात पांढरेपणासाठी केमिकल घालतात, तो कागद निळसर उजळतो, त्याच्या आधीचा कागद मंद राहतो. १९३८ चा म्हणून सांगितलेला कागद ट्यूबलाइटसारखा चमकला की नमस्कार करून उठायचं.

कधी कधी उलटंही होतं, आणि ते मला फार आवडतं. अली-फोरमनची आफ्रिकेतल्या किन्शासा शहरातली फाइट झाली ३० ऑक्टोबर १९७४ ला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे सप्टेंबरची तारीख छापलेलं पोस्टर दिसलं की नवा माणूस म्हणतो खोटं आहे. पण फाइट आधी सप्टेंबरमधेच ठरलेली होती, सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली म्हणून महिनाभर पुढं गेली, आणि तोपर्यंत पोस्टरं छापून झाली होती. अली-लिस्टनच्या दुसऱ्या फाइटचंही तेच, ती नोव्हेंबर १९६४ ला बॉस्टनला व्हायची होती, अलीचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि मग ती मे १९६५ मधे लुइस्टनला झाली. म्हणजे बॉस्टनचं तिकीट हे न झालेल्या फाइटचं तिकीट. चुकीची वाटणारी तारीख इथं वस्तू खरी असल्याची खूण ठरू शकते. म्हणून म्हणतो तारखा पाठ करू नका, त्या फाइटची गोष्ट वाचा, पूर्ण.

आता अलीवर जरा थांबतो कारण विचारणारे सगळे त्याच्यासाठीच येतात. त्याचं मूळ नाव कॅशियस क्ले. २५ फेब्रुवारी १९६४ ला लिस्टनला हरवून चॅम्पियन झाला आणि ६ मार्चला मोहम्मद अली हे नाव मिळालं. त्यामुळे त्या काळातली क्ले नावाची सही म्हणजे १९६० चं रोम ऑलिम्पिक आणि त्याच्या आगेमागची मोजकी वर्षं. तेव्हाचं अक्षर स्वच्छ, एकेक अक्षर वाचता येतं असं. पुढं म्हातारपणी लोकांनी आग्रह केला म्हणून त्यानं क्ले अशाही सह्या केल्यात, कधी दोन्ही नावं एकत्र, त्या खऱ्या असू शकतात पण त्या जुन्या काळातल्या नव्हेत, आणि हाच फरक विकणारा सांगत नाही. व्हिंटेज सही म्हणजे खेळायच्या दिवसात केलेली सही. १९९२ ला कोऱ्या ग्लोव्हवर केलेली सही शंभर टक्के खरी असली तरी ती व्हिंटेज होत नाही. ग्लोव्हवर एव्हरलास्ट लिहिलंय म्हणून जुना असंही नाही, ती कंपनी १९१० पासून आहे आणि आजही ग्लोव्ह विकते, आतलं लेबल बघा, कुठं बनलाय ते बघा, दोरीचा आहे का चिकटपट्टीचा ते बघा.

अलीला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं १९८४ ला. हात थरथरायला लागला तशी सही बदलत गेली, लहान झाली, आखडली, अक्षरं एकमेकात शिरली. सत्तरच्या दशकातली त्याची सही कशी, रुबाबात पसरलेली, मोकळी. नक्कल करणाऱ्यांना तीच काढायला आवडते कारण ती देखणी आहे. मग २००५ ची तारीख घातलेल्या फोटोवर ती सत्तरची सही बसवतात, आणि न कळणारा म्हणतो वा काय झोकदार सही आहे. खरी उतारवयातली सही बघितली की आत काहीतरी हलतं, फुलपाखरासारखा नाचणारा माणूस एवढ्याशा सहीसाठी किती झगडत असेल. तरी सही मागणाऱ्याला तो सहसा नाही म्हणायचा नाही. इस्लामची माहिती देणाऱ्या छोट्या पत्रकांवर त्यानं ऐंशी-नव्वदच्या दशकात ढिगानं सह्या करून वाटल्या, आणि ती पत्रकं ग्लोव्हपेक्षा स्वस्तात मिळतात. ज्याला अलीच पाहिजे त्याला मी तीच सुचवतो, अर्थात तपासून.

सहीचा भाव रावेर-यावलच्या केळीसारखा असतो, आवक किती त्यावर ठरतो, बॉक्सर किती मोठा त्यावर एकट्यावर नाही. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ चॅम्पियन, केवढा मोठा माणूस, पण त्याचं न्यूयॉर्कला रेस्टॉरंट होतं, १९७४ ला बंद होईपर्यंत येणाऱ्या गिऱ्हाइकांना मेनूवर, फोटोवर, पोस्टकार्डावर सह्या देत बसायचा, म्हणून आजही मिळते आणि परवडते. मॅक्स श्मेलिंग, ज्यानं १९३६ ला जो लुइसला पाडलं आणि १९३८ ला पहिल्याच राउंडला त्याच्याकडून मार खाल्ला, तो ९९ वर्षं जगला, २००५ ला गेला, आणि पत्र टाकणाऱ्याला जर्मनीहून सही करून पाठवायचा. मार्सियानो मात्र ४५ व्या वर्षीच गेला, त्यामुळे तिथं आवकच नाही. मग भाव वाढवणाऱ्या बाकीच्या गोष्टी, सही कशावर आहे, कुठल्या फाइटच्या वस्तूवर आहे, दोघांच्या सह्या एकत्र आहेत का, अली आणि त्याचा प्रतिस्पर्धी फ्रेझर एका फोटोवर असले तर काय बोलावं. कोणा टिंकूला किंवा टॉमला असं नाव घालून लिहिलेली सही जरा स्वस्त पडते, पण मला तीच आवडते, कारण नक्कल करणाऱ्याला जितकं जास्त लिहावं लागतं तितका तो लवकर सापडतो.

आणि बातम्यात येतात ते करोडोंचे आकडे बघून डोकं फिरवून घेऊ नका. २०१४ ला अलीचे पहिल्या लिस्टन फाइटचे ग्लोव्ह ८ लाख ३६ हजार ५०० डॉलरला गेले, २०२२ ला किन्शासाच्या फाइटचा पट्टा ६१ लाख डॉलरच्या वर गेला. त्या फाइटच्या, त्या माणसाच्या वस्तू आहेत त्या. वापरलेली वस्तू आणि सही केलेली वस्तू ह्या दोन वेगळ्या जाती. वापरलेला ग्लोव्ह तपासतात तेव्हा फाइटचे जुने फोटो मोठे करून चामड्याची सुरकुती, शिलाईचा वाकडा टाका, डाग, हे एकेक जुळवतात, ते आपल्या घरबसल्या आवाक्यातलं काम नाही.

सर्टिफिकेटचं जळगावच्या माणसाला समजावणं सोपं आहे. दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलं बावीस कॅरेट, ती त्याची चिठ्ठी. हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर वेगळा, तो तिसऱ्या माणसानं तपासून दिलाय आणि तुम्ही ॲपवर टाकून बघू शकता. सह्यांच्या बाजारात विकणाऱ्यानं स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे ती चिठ्ठी, मग त्यावर सोनेरी स्टिकर असो का चांदीचा. माझ्या फोटोला होतंच की. अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा तपासणाऱ्या कंपन्या आहेत, त्या वस्तूवर नंबरचं स्टिकर लावतात आणि तो नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. फक्त नंबर सापडला म्हणून थांबू नका, स्टिकरसुद्धा खोटं छापतात, खऱ्या वस्तूचा नंबर खोट्यावर चढवतात. त्या नंबरसमोर वस्तू कुठली लिहिलीये, फोटो असेल तर सहीची जागा, तिरकेपणा, सगळं जुळवा. आणि त्या कंपन्या देतात ते शेवटी जाणकाराचं मत, सोन्यासारखा कस तिथं लागत नाही, तेही चुकू शकतात. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी कारवाई केली, १९९९ ला धाडी पडल्या, खोट्या सह्यांचा पूर्ण कारखानाच सापडला, आणि त्या मालासोबत सर्टिफिकेटं व्यवस्थित दिली जात होती. तो माल विकला गेला तेवढा गेलाच, आज कुठल्या कुठल्या घरात भिंतीवर असेल.

म्हणून सर्टिफिकेटच्या आधी मी विचारतो, ही वस्तू तुमच्यापर्यंत आली कशी. गोष्ट सगळेच सांगतात, आजोबा जहाजावर होते, काका हॉटेलात मॅनेजर होते. सराफ मोड घेताना आजीची गोष्ट प्रेमानं ऐकतो पण भाव कस लावूनच देतो. गोष्टीला पुरावा पाहिजे, सही घेतानाचा फोटो, पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट, त्या दिवसाचं तिकीट, सोबतचं पत्र. पाकीट फेकून देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, अर्धी किंमत त्या पाकिटात असते.

आपल्याकडे अलीची खरी सही निघू शकते का, तर निघू शकते. अली १९८० च्या सुरुवातीला भारतात आला होता, २७ जानेवारीला दिल्लीत आपले बॉक्सर कौर सिंग यांच्याबरोबर चार राउंडची प्रदर्शनी लढत झाली. खान्देशातली किती माणसं तेव्हा नोकरीनिमित्त दिल्ली-मुंबईला होती, फौजेत होती. कोणाच्या तरी ट्रंकेत ऑटोग्राफची वही असू शकते. सापडली तर एक करा, हात जोडून सांगतो, त्यातून पान फाडू नका. वहीतली बाकीची पानं, मागच्या-पुढच्या तारखा, दुसऱ्या लोकांच्या सह्या, हेच त्या सहीचे साक्षीदार आहेत, सुटं पान अनाथ होतं.

आणि कौर सिंग यांचीच सही का नको? १९८२ च्या दिल्ली एशियाडला हेवीवेटचं सोनं त्यांचं, २०२३ ला ते गेले. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० दोन्ही एशियाडला सोनं आणलं, दोन्ही बँकॉकला, आणि १९९८ ला डिंको सिंगनं परत बँकॉकलाच. ह्या माणसांच्या सह्या, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातले फोटो कोणी नीट जमवत नाही, मागणी नाही म्हणून खोट्याही फारशा निघत नाहीत, नक्कल करणारा जिथं पैसा तिथं जातो. मला विचाराल तर नव्या माणसानं इथून सुरुवात करावी. पंधरा हजाराच्या संशयास्पद अलीपेक्षा हजार रुपयाचा खरा डिंको सिंग घरात शोभतो, आणि ती माणसं आपली होती.

आता घेतलेली वस्तू जपायची कशी, कारण खान्देशात हा प्रश्न अमेरिकेतल्या पुस्तकातून सुटत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर, पत्र्याच्या खोलीत आत भट्टी. पहिलं म्हणजे लॅमिनेशन करायचं नाही. कधीच नाही. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की पाय थेट झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात, पण त्या मशीनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचा शिरतो, नंतर काढता येत नाही, आणि सही केलेला फोटो लॅमिनेट झाला की जाणकार गिऱ्हाईक हातही लावत नाही. सेलोटेप नाही, पंचिंग नाही, मागं पेननं स्वतःचं नाव तर मुळीच नाही. लग्नाच्या अल्बमचं ते वास येणारं मऊ प्लास्टिक, पीव्हीसी, ते उन्हाळ्यात शाईला चिकटतं आणि सही उचलून घेतं, त्याऐवजी पॉलिस्टरचं कडक पारदर्शक पाकीट वापरा. फ्रेम केली तर काच फोटोला टेकता कामा नये, मधे जाड कार्डाची चौकट पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. खिडकीसमोर लावू नका, मार्करची सही दोन-चार उन्हाळ्यात पिवळट फिकी होते. आणि कूलर, त्याच्या वाऱ्याच्या रेषेत कधी ठेवू नका, आपण गारव्यात झोपतो आणि समोर भिंतीवर कागदाला ओल धरते, मग बुरशीचे तपकिरी ठिपके. ग्लोव्हला खोबरेल तेल चोळणारे पण बघितलेत, चामडं मऊ होतं खरं, पण सही पसरून जाते. ग्लोव्हमधे पांढरा साधा कागद सैल भरून आकार धरून ठेवा, बाकी काही नको.

माझ्याकडे श्मेलिंगचं एक सही केलेलं कार्ड आहे, एका म्हाताऱ्या जर्मन कलेक्टरकडून घेतलेलं, मूळ पाकीट आणि त्यावरचा पोस्टाचा शिक्का सकट. ते एप्रिल लागला की पारोळ्याला मामांच्या जुन्या धाब्याच्या घरी जातं, मातीचं छत, जाड भिंती, आत मे महिन्यातही गार, मधल्या खोलीत फडताळात वाळवी लागणार नाही असं स्टीलच्या डब्यात. दिवाळीला परत आणतो. लिस्टनचा तो बावीस हजारांचा फोटो बारा महिने हॉलमधेच असतो, त्याची काच मी परत बसवली नाही, शेजारी लूप ठेवलाय, अलीची सही घेऊ का म्हणून पोरगं आलं की आधी त्याला तिथं उभं करतो.